हंगेरियन सराव: कसरीनं खाल्लेला कोट सुटला!

मागच्या नोंदीत अडकलेलं ‘ऑ मोय्‌राग्तॉ कॉबात’ अखेर सुटलं. ‘मोय’ म्हणजे कसर (कपडे कुरतडणारा किडा), ‘कॉबात’ म्हणजे कोट, आणि मधलं ‘राग्तॉ’ तर चक्क भूतकाळी क्रियापद: ‘त्यानं ते कुरतडलं’. विशेषणाच्या जागी पूर्ण क्रियापद कशाला येईल, इथेच सगळं अडलं होतं. ‘-ओ’ (वाचणारा), ‘-त/-त्त’ (वाचलेला), ‘-ऑन्दो’ (वाचायचा) या क्रियापदाचं विशेषण करणाऱ्या आपल्या तीन ओळखीच्या प्रत्ययांपैकी एकही लागू पडेना.

किल्ली सापडली उपपदात, म्हणजे इंग्रजी ‘the’सारख्या ‘ऑ’मध्ये. पूर्ण वाक्य असतं तर ‘ऑ मोय राग्तॉ ऑ कॉबातोत’ असं आलं असतं. कोटाआधी दुसरं ‘ऑ’ आणि कोटाला कर्माचा ‘-त’. इथे दोन्ही नाहीत. म्हणजे सुरुवातीचं ‘ऑ’ कसरीचं नाहीच, ते कोटाचं आहे, आणि ‘मोय्‌राग्तॉ’ हे अख्खं विशेषण. कर्ता पोटात घेतलेलं धातुसाधित, म्हणजे क्रियापदापासून बनलेला शब्द! हंगेरियन व्याकरणात त्याला ‘इगेई इगेनेव्ह’ असं वेगळं नावच आहे. मराठीत शब्दांचा क्रमही तोच: कसरीनं खाल्लेला कोट.

आजच्या बोलण्यात ही रचना जुनाट वाटते, पण ठरावीक शब्दांत ती पक्की मुरली आहे. ‘पोर्लेप्ते’ म्हणजे धुळीनं माखलेलं, ‘नॉप्श्युत्योत्ते’ म्हणजे ऊन पडलेलं. आणि माझा सर्वांत लाडका, ‘मॉदार्लात्तॉ केन्येर’, पाखरानं पाहिलेला पाव: शिदोरी म्हणून बाहेर नेलेला आणि न संपल्यामुळे घरी परत आलेला. एरवी कर्ता सांगायला ‘आल्तॉल’ वापरतात, ‘पेतेर आल्तॉल ईर्त लेव्हेल’, पेतेरनं लिहिलेलं पत्र. बरोबर आहे, पण त्याला सरकारी कागदाचा वास येतो. माझ्या सरावाच्या अ‍ॅपमध्ये ‘-त्त’ची ओळख एका वाक्यात उरकली आहे, ‘मोय्‌राग्तॉ’चा तर पत्ताच नाही. विक्शनरी या ऑनलाइन शब्दकोशात निदान बहुतेक क्रियापदांखाली धातुसाधितं मांडलेली असतात. मी आता तिथेच आधी जाते.

पुढचा मुक्काम ‘-व्हॉ/-व्हे’ (‘सीर्व्हॉ’, रडत) ठरला होता. पण हे लिहितानाच ‘तॉनुल्त एम्बेर’ आठवलं: शिकलेला माणूस! सकर्मक क्रियापदाला लागलेला ‘-त्त’ एरवी कर्माकडे बोट दाखवतो, इथे मात्र कर्त्याकडे, अगदी मराठीसारखं. पण ‘ओल्व्हॉशोत्त एम्बेर’ म्हणजे भरपूर वाचन असलेला माणूस, आणि तिथे आपलं ‘वाचलेला माणूस’ चालत नाही. मराठीत ‘शिकलेला’, ‘जेवलेला’ चालतात, ‘वाचलेला’ अडतो. हंगेरियनची रेघ दुसरीकडेच ओढलेली दिसते. ती नेमकी कुठे, हे आधी पाहायचं आहे, म्हणून ‘-व्हॉ’ला थांबावं लागेल. कर्त्याकडे वळलेली अशी आणखी ‘-त्त’ रूपं कुणाच्या वाचनात आली असतील, तर सुटा शब्द नको, अख्खं वाक्य पाठवा.