देवळातल्या बैठकीचे फोटो: माझा अनुभव

श्रावण लागला की गोव्यातल्या अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याकडच्या, देवळांत गाण्याच्या बैठका सुरू होतात. पणजीत कांपालच्या कला अकादमीच्या सभागृहात लांब लेन्स घेऊन मागे उभं राहता येतं. इथे सभामंडपात गायक तीन मीटरवर, उजेड बेताचा, आणि फ्लॅश मी वापरत नाही.

पहिली अडचण पावसाची. एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडली की लेन्सच्या काचेवर धुकं धरतं, आणि पुसलं तरी परत येतं, कारण काच अजून थंडच असते. म्हणून बॅग बंदच अर्धा तास अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, ठेवते. तेवढ्यात देवस्थानच्या माणसांना विचारून घेते, कुठे बसलं तर चालेल, गर्भकुडीकडे (गाभाऱ्याकडे) कॅमेरा वळवायचा की नाही.

मग गाठायचा लाइटवाला. चेहऱ्यावर निळा किंवा जांभळा एलईडी पडला की त्या एकाच रंगाची माहिती सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर, भरून ओसंडते आणि गाल सपाट दिसतात. रॉमधूनही, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही, ते सावरत नाही. समोरचे दोन दिवे पांढरे ठेवा आणि रंग मागच्या पडद्यावर टाका, एवढंच सांगते. डोक्यावरची ट्यूबलाइटही बंद करवून घेते, नाहीतर एक गाल पिवळा नि एक हिरवट येतो.

जागेचा हिशेब बसण्याच्या रीतीवरून. बहुधा तबला गायकाच्या उजव्या हाताला असतो, म्हणजे आपल्या डावीकडे. पेटी दुसऱ्या बाजूला. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, गायक तबल्याकडे वळतो. म्हणून मी डावीकडे, तबल्याच्या पुढे, खाली मांडी घालून बसते. वळलेला चेहरा माझ्याकडे येतो आणि माइकही ओठांवरून बाजूला सरतो. अगदी समोर बसलं तर बैठकभर हनुवटीच्या जागी माइकच. तबलजीचा फोटो मात्र उजवीकडूनच मिळतो, त्यासाठी मध्यंतरात एकदाच जागा बदलायची.

सुरुवात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, एफ २ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं), शटर १/२०० सेकंदापासून, सगळं मॅन्युअल, म्हणजे हाताने ठरवलेलं. मागे काळोख आणि अंगावर पांढरा झब्बा असला की ऑटो हमखास फसतो. ८५ मिमी लेन्सवर तीन मीटरवरून एफ २ ला जेमतेम १५ सेंटिमीटर खोली स्पष्ट येते; गायक आणि तबलजी दोघेही हवे असतील तर एफ ४ करून आयएसओ १२८०० चे रवाळ फोटो सोसायचे. तबल्यावरची बोटं १/१२५ ला पुसट होतात, १/४०० ला थांबतात. मला थोडी पुसटच आवडतात. डोळे ओळखणारा फोकस इथे कामाचा नाही: गायक डोळे मिटून गातो, आणि फोकस जाऊन बसतो माइकच्या जाळीवर. एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर धरते.

खरी कसरत आलापीत, सुरांच्या संथ विस्तारात. मेकॅनिकल शटरचा खटका तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. आवाज न करणारं सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर लावलं तर फोटोत आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात आणि सेन्सर ओळीओळीने वाचताना ते टिपतो. शटर बरोबर १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण आवर्तनं मिळतात आणि पट्टे जातात. स्वस्त एलईडींची लुकलुक वेगळ्याच गतीची असते, तिथे हा हिशेब चालत नाही. मग आलाप कानांनी ऐकायचा आणि द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाल्यावर, तबल्याच्या आवाजात, मेकॅनिकल शटर वापरायचं.

बटण कधी दाबायचं ते ताल सांगतो. विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं एक आवर्तन (तालाचा एक पूर्ण फेरा) मिनिटभरही चालतं. त्यात धडाधड फोटो काढून फक्त उघडी तोंडं जमतात. मी मुखड्याची, म्हणजे समेकडे नेणाऱ्या ओळीची, वाट पाहते. हात वर जातो, मान कलते, सम येते, आणि चेहऱ्यावरचं हसू समेच्या किंचित नंतर उमटतं. द्रुत त्रितालात मिनिटाला २४० मात्रा धरल्या तर सोळा मात्रांचं आवर्तन चार सेकंदांत संपतं, म्हणजे चुकली तर चार सेकंदांनी पुढची सम आहेच. गणेश चतुर्थीच्या, म्हणजे चवथीच्या, घुमट आरतीत (घुमट हे मातीचं तालवाद्य) अशी उसंत नसते. तिथे १/४०० लावून घुमटाच्या तोंडावरच्या हातावर लक्ष ठेवते.

पावसात वीज गेली तर बॅग आवरू नका. माइक बंद पडतो, गाणं बहुतेक चालूच राहतं. समईच्या उजेडात व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) २५०० केल्व्हिनवर, एफ १.८, १/६०, आयएसओ १२८००. समईची ज्योत विजेसारखी लुकलुकत नाही, त्यामुळे सायलेंट शटर बिनधास्त चालतं.