उरलं तर ठेवू

बेळगावात बँकेच्या कन्नड पाटीवर ‘उळिताय खाते’ असं लिहिलेलं असतं. कन्नडमध्ये ‘उळि’ म्हणजे उरणं, मागे राहणं. आपल्या ‘बचत’ची गतही तीच, खर्चातून बचावलं ते. दोन्ही भाषांनी मिळून माणसाला एकच सवय लावली: आधी खर्च, मग उरलं तर ठेवू. त्याच पाटीवर थोडं खाली ‘ठेवणी’ असाही शब्द सापडतो. तो मात्र आपल्याकडून तिकडे गेलेला, ठेवणीतल्या लुगड्यातला. ठेव आपोआप उरत नाही, ती ठेवावी लागते. पाट्यांवरून या भागात पुष्कळ वाद झाले. या दोन शब्दांवरून एखादा झाला असता तर घराघरात चार पैसे तरी राहिले असते.

‘यंदा पन्नास हजार साठवायचेच’ हा एक जानेवारीचा संकल्प संक्रांतीच्या तिळगुळापर्यंत टिकला तरी खूप. त्या पन्नास हजारांना ना नाव असतं, ना तारीख. आणि पैशाचं नवं वर्ष कॅलेंडर बघून थोडंच सुरू होतं? उद्यमबागेतल्या कामगाराचं ते दर महिन्याच्या पगाराला उजाडतं. वडगाव-शहापूरच्या मागावर आठवड्याच्या मजुरीला, खडेबाजारच्या दुकानात रोज सकाळी शटर उघडताना. आणि चिकोडी-हुक्केरीकडच्या ऊसवाल्याचं वर्षातून एकदा, बिल जमा होतं तेव्हा.

शाळेचंच घ्या. मे अखेर फी, वह्या-पुस्तकं, गणवेश मिळून २४ हजार लागणार आहेत. जानेवारीत जागं झालं तर हातात पाच महिने, म्हणजे महिन्याला ४,८०० रुपये. बेताच्या पगारातून ते निघत नाहीत. फेब्रुवारीतच संकल्प मोडतो आणि मे महिन्यात दागिना सोनाराकडे जातो. हेच जूनपासून धरलं असतं तर महिन्याला २,००० पुरले असते. थोडक्यात, फी भरून शाळेच्या खिडकीतून पावती घेतली की दुसऱ्या दिवशी पुढच्या फीचा एक जानेवारी.

आता हेच २४ हजार ज्याच्या त्याच्या मापाने कापायचे. दुकानदाराने वर्षाचे ३६५ दिवस धरू नयेत; सुट्ट्या, सण, लग्नकार्य वजा जाता ३०० धरावेत, म्हणजे रोज ८० रुपये. मागावरच्या माणसाने ५२ आठवडे धरले की फसला. सूत नाही, वीज नाही, मालाला उठाव नाही, असे आठ आठवडे वर्षात कुठेतरी निघतातच. ४४ धरून आठवड्याला ५५० ठेवले की हिशेब जमतो, वर दोनशे रुपये राहतात. काम जोरात असलेल्या आठवड्यात ‘या वेळी दुप्पट टाकतो’ म्हणणारा पुढच्या दोन आठवड्यांना हमखास दांडी मारतो. त्यापेक्षा रक्कम कमी असावी, पण न चुकणारी.

रोजच्या पैशाला रोजचीच वाट लागते, आणि ती वाट कर्नाटकातच सापडली. उडुपीच्या ज्या बँकेला पुढे सिंडिकेट बँक म्हणून लोक ओळखू लागले, तिने १९२८ साली पिग्मी सुरू केली. रोज दोन आण्यांपासून, माणूस दारात येऊन पैसे नेणार. ती बँक निघाली होती अडचणीतल्या विणकरांना हात देण्यासाठी, हे वडगावात मुद्दाम सांगण्यासारखं. २०२० मध्ये ती कॅनरा बँकेत विलीन झाली, पण पिग्मी हा शब्द गल्लीत राहिला. पिग्मीचं व्याज थोडं, मुदतीआधी मोडली तर ते थोडंही जातं. तरी ती चालते, कारण दारात उभ्या माणसाला ‘उद्या या’ म्हणायला लाज वाटते. तेवढी लाज आहे तोवर योजना चांगली. फक्त कार्डावरच्या सहीवर विसंबू नये. मशीनची पावती घ्यावी, आणि महिन्यातून एकदा स्वतः काउंटरवर जाऊन खात्यात किती जमा आहे ते बघावं. कार्ड आणि खातं यांच्यातला फरक वर्षअखेरीला कळला तर फार उशीर झालेला असतो.

महिन्याच्या पगारदाराला पोस्टाची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेला हप्ता भरायची ठेव, बरी. शंभर रुपयांपासून, पाच वर्षांची. ६.७ टक्के दराने महिन्याला हजार भरले तर ६० हजारांचे सुमारे ७१ हजार होतात. यात एक बारीक खोच आहे. खातं महिन्याच्या १५ तारखेपर्यंत उघडलं तर पुढचा प्रत्येक हप्ता १५ च्या आत भरावा लागतो. १६ नंतर उघडलं तर महिनाअखेरपर्यंत मुभा. पगार दहाला होतो म्हणतात आणि अठराला होतो, अशांनी खातं १६ नंतरच उघडावं. हप्ता चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड. लागोपाठ चार चुकले की खातं बंद पडतं आणि ते उठवायला दोनच महिने मिळतात.

ऊसवाल्याची गोष्ट निराळी. त्याच्या बिलातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं, उरलेलं हातात आलं की घरातल्या प्रत्येकाला आपापली गरज आठवते. समजा, एक लाख वीस हजार राहिले. त्यांची एकच ठेव करू नये. तीस-तीस हजारांच्या चार कराव्यात, तीन, सहा, नऊ आणि बारा महिन्यांच्या. जूनच्या बियाण्या-खताला एक सुटते, गणपतीच्या सुमाराला दुसरी. मध्येच दवाखाना निघाला तर एकच मोडावी लागते, दंडाचं अर्धा-एक टक्का व्याज तेवढ्या तीस हजारांवरच जातं.

राहिली भिशी. बारा जणी, हजार-हजार, चिठ्ठी निघेल तिला बारा हजार. शिस्त लावते यात वाद नाही, पण दुसऱ्या महिन्यात उचललेलीने सातव्या महिन्यात हात वर केले की बाकीच्या अकरा जणी कुणाकडे जाणार? एकमेकींच्या घरचं माहीत असेल तेवढ्यांतच करावी.

आणि व्याजाचा मोह. इथे गल्लीगल्लीत पतसंस्था आणि सौहार्द नावाच्या सहकारी सोसायट्या आहेत, बँकेपेक्षा टक्का-दीड टक्का जास्त देतात. चांगल्या चालणाऱ्याही आहेत. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, माणशी पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. म्हणून रोजची पिग्मी गल्लीतल्या सोसायटीत चालू दे, माणूस ओळखीचा असतो, दारात येतो. वर्ष भरलं की मात्र ती रक्कम काढून बँकेत न्यावी, आणि दुसऱ्या दिवशी पिग्मीवाला आला की नव्या कार्डावर पुन्हा ८० रुपये.