पैसा उना का, भाऊ?

परवा गावच्या व्हाट्सॲप ग्रुपवर कुणीतरी ती इमेज टाकली, भारत रेमिटन्समध्ये, म्हणजे परदेशातून घरी पाठवलेल्या पैशात, जगात एक नंबर, २०२४ मध्ये १२९ अब्ज डॉलर, खाली तिरंगा आणि हात जोडलेले इमोजी. आकडा खरा आहे, वर्ल्ड बँकेचाच अंदाज आहे तो, आणि दोन नंबरचा मेक्सिको आपल्या निम्म्याच्या जरासा वर. बरं वाटतं वाचून. पण आमच्या त्या ग्रुपमधले जेवढे म्हणून बाहेर आहेत त्यातले दुबई-कतारवाले बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळी गर्दी सुरतच्या उधना, लिंबायत, दिंडोली नाहीतर पांडेसऱ्यात. त्यांचा एक रुपयाही या आकड्यात नाही. ते बॉर्डर ओलांडतात ती नवापूरची, गुजरातची, आणि तिथं डॉलर मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्व्हेत परदेशातून येणाऱ्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात जास्त निघाला, २०.५ टक्के, केरळ १९.७ वर. त्यात धुळे जिल्ह्यातल्या आमच्या शिंदखेडा तालुक्याचा वाटा किती असेल हे सांगायला मात्र सर्व्हे नको.

माझं गावात मिनी बँकेचं सेंटर आहे, झेरॉक्स आणि रिचार्ज जोडीला. महिन्याच्या आठ-दहा तारखेपासून गर्दी सुरू होते कारण सुरतला मिलचे, मार्केटचे पगार झालेले असतात. म्हातारी माणसं ओट्यावर बसूनच विचारतात, "मना आंडोरना पैसा उना का दख बरं भाऊ." म्हणजे माझ्या मुलाचा पैसा आला का बघ. मग अंगठा. अंगठा लागणं हेच निम्मं काम आहे, कापूस वेचून आणि निंदणी करून बोटांच्या रेषा पार गेलेल्या असतात, मशीन लाल दिवा दाखवतं, मग हात धुवा, लुगड्याला पुसा, कपाळावर घासून तेलकट करा, दुसरं बोट लावा, तेही नाही तर उद्या सकाळी या. मुलाने पाठवलेला पैसा खात्यात पडलाय, मला स्क्रीनवर दिसतोय, आणि आईला तो मिळत नाही कारण तिच्या बोटावर आता काही उरलं नाही. हे दर महिन्याला कुणाचं ना कुणाचं होतंच.

तरी पहिल्यापेक्षा कितीतरी बरं. मनिऑर्डर होती तेव्हा पाच टक्के तिथंच कापले जायचे आणि पोस्टमन चहापाण्याचं बघायचा ते वेगळं. नंतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती, ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे पाकीट, नाहीतर पॅसेंजरने येणाऱ्या गाववाल्याच्या बनियनच्या खिशात. आता पोरगा उधन्याच्या खोलीत बसून फोनवरून पाठवतो, खर्च शून्य. जगभरात अजून दोनशे डॉलर घरी पाठवायला सरासरी सहा टक्क्यांच्या वर जातात आणि संयुक्त राष्ट्रांनी २०३० पर्यंत तीन टक्क्यांवर आणायचं टार्गेट ठेवलंय, त्या हिशोबाने आपण फारच पुढे. फक्त शेवटच्या पायरीवर घोळ आहे. काही सेंटरवाले हजारामागे दहा रुपये कापून घेतात, खरं तर ग्राहकाकडून घ्यायचेच नसतात, बँक आम्हाला कमिशन देते. ते कमिशन किती तुटपुंजं असतं ते माझं मलाच माहीत, पण म्हणून म्हातारीच्या औषधाच्या पैशातून दहाची नोट काढायची हे मला तरी जमत नाही.

तर हा पैसा जातो कुठे? सगळ्यात आधी किराणावाल्याची उधारी. मग बचत गटाचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, धुळ्याचा दवाखाना, इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या बसचे पैसे. यात नवीन काही नाही, कुठल्याही देशाचा रेमिटन्सचा रिपोर्ट उघडा, घरखर्च, औषध, शिक्षण, कर्जफेड, घर, हेच सापडेल. मला खरी गंमत वाटते ती जूनच्या पैशाची. पेरणीच्या तोंडावर जो पैसा येतो ना तो सगळ्यात कामाचा. पूर्वी बियाणं आणि खत दुकानदाराकडून उधारीवर, तो भाव चढवून लावायचा आणि वर अट, कापूस मलाच घालायचा. नाहीतर बायकोची पोत तारण. आता पोराने बारा-पंधरा हजार पाठवले की बाप रोखीने पिशव्या आणतो. त्याचा फायदा जूनमध्ये कमी आणि दिवाळीनंतर जास्त दिसतो, कारण डोक्यावर दुकानदार नसला की पहिल्या वेचणीचा कापूस पडेल त्या भावाला खेडा खरेदीवाल्याला द्यावा लागत नाही, घरात भरून ठेवता येतो, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्राची वाट बघता येते. म्हणजे सुरतच्या मिलमध्ये उभ्या असलेल्या पोरामुळे शिंदखेड्यात बापाला कापसाचा भाव बरा मिळतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, काउंटरवर बसून दिसलं. नंतर कळलं की अर्थशास्त्रवाले हेच म्हणतात, ज्या घराला कर्ज नीट मिळत नाही आणि पिकाचा विमा भरवशाचा नाही ते घर एक माणूस बाहेर पाठवतं, तोच त्यांचा विमा आणि तीच त्यांची बँक.

आता शहाणी माणसं म्हणतात की हे लोक पैसा वाया घालवतात, घरं बांधतात आणि लग्नात उडवतात. लग्नाचं सोडा, त्यावर मीही बोलेन, डीजेवर जेवढा जातो तेवढ्यात ठिबकचा सेट येतो. पण घराचं मला पटत नाही. आमच्याकडची जुनी घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी खारी टाकावी लागते, माती खणून आणायची, पाट्या वर चढवायच्या, पसरून दाबायच्या, दोन-तीन गडी लागतात. गडी कुठेत? सुरतला. मग जुलैमध्ये धाबं गळतं, भिंत ओल धरते आणि खाली म्हातारा-म्हातारी. तेव्हा स्लॅब टाकणं हा शौक नाही, जो माणूस घरी नाही त्याच्या कामाची एकरकमी सोय आहे. शिवाय मुलीकडचे पहिला प्रश्न तोच विचारतात, स्लॅब आहे का. वरच्या मजल्यासाठी सळया मोकळ्या सोडलेल्या असतात, चार-पाच वर्षं गंजत उभ्या, कारण शिल्लक पडेल तसं बांधायचं असतं, होम लोन कोण देणार यांना.

माझी तक्रार वेगळी आहे. पैसा येतो पण गावात थांबत नाही. महिन्याच्या दहा तारखेला येतो आणि पंधरापर्यंत धुळे, दोंडाईचा, फायनान्स कंपनी, सिमेंट कंपनी असा परत निघून जातो. गावात राहते ती गवंड्याची मजुरी आणि वाळूवाल्याची, बास. दुधाचंच बघा ना. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत घरटी म्हैस होती, आता चारा-पाणी करायला माणूस नाही, म्हणून पिशवीचं दूध येतं गुजरातमधून. पोरगा गुजरातला जाऊन कमावतो आणि आई त्या पैशातून गुजरातचं दूध घेते. यात कुणाची चूक आहे असं नाही, हिशोबच तसा बसतो.

नेपाळचं असंच मोठ्या प्रमाणावर झालंय. तिथं देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शाएवढा पैसा बाहेरून येतो, मलेशिया, आखात आणि आपल्याकडून. गरिबी खरंच कमी झाली, पोरं शाळेत गेली, डॉलरचा साठा टिकला. पण डोंगरातली शेतं पडीक पडली आणि तांदूळ, भाजीसुद्धा बाहेरून यायला लागली. त्यात सरकारच्या महसुलाचा मोठा भाग आयात मालावरच्या करातून येतो, म्हणजे पोरं बाहेर गेली, पैसा आला, त्याचा माल आला, मालावर कर मिळाला, सरकार खूश. मग पोरांना इथंच काम द्यायची घाई कुणाला असणार? केरळमध्येही सत्तरच्या दशकातल्या तेलाच्या तेजीनंतर गल्फचा पैसा आला, घरं, शिक्षण, दवाखाने सगळं सुधारलं, मजुरी वाढली आणि आता तिथली बांधकामं बंगाल-आसामची पोरं करतात. आमच्याकडे कापूस वेचायला सातपुड्याच्या पलीकडून, सेंधवा-बडवानीकडून माणसं येतात आणि तीही माझ्याच काउंटरवरून घरी पैसे पाठवतात. म्हणजे एक नंबर वगैरे ठीक आहे, पण ही साखळी आहे, प्रत्येकाच्या खाली कुणीतरी आहेच.

आणि जमीन. सुरतला ज्यांची गाडी-बिडी झाली, स्वतःचा गाळा झाला, ते गावात दोन-तीन बिघे घेऊन ठेवतात, कसायचं नसतं, नावावर हवी असते. जो इथंच राहून कसतो त्याला मात्र शेजारचा बिघा आता परवडत नाही.

हा पैसा अडचणीत धावून येतो म्हणतात आणि ते बरंच खरं आहे. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपानंतर बाहेरच्यांनी जास्त पाठवला. २०२० च्या एप्रिलमध्ये वर्ल्ड बँकेने सांगितलं होतं की जगभरातला हा पैसा वीस टक्क्यांनी घटेल, प्रत्यक्षात दोनेक टक्केच घटला, लोकांनी स्वतःचं पोट मारून पाठवला. पण आमच्याकडे तेव्हा काय झालं? सुरत बंद, खोलीभाडं चालू, आणि माणसं विसरवाडी-साक्रीच्या हायवेने पोरं कडेवर घेऊन चालत आली. त्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे पैसे काढायला कुणी नव्हतं, उलट घरून सुरतला पाठवायला लोक येत होते, किराणा संपलाय म्हणून. विमा म्हणून माणूस पाठवला होता, पण संकट दोन्हीकडे एकाच दिवशी आलं तर विमा कसला. अख्खा तालुका एकाच शहरावर टेकलेला असण्याचा हा तोटा. ताजिकिस्तानचं रशियावर असंच आहे, २०१४-१५ मध्ये रुबल घसरला आणि इकडे घराघरातला पैसा आटला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा टीव्हीवर जीडीपीची चर्चा चालू होती, आमच्याकडे सुरतला हिऱ्याच्या कामात असलेल्या पोरांच्या आया विचारत होत्या की या महिन्यात कमी का आला.

या सगळ्यात नंदुरबारच्या डोंगरातला भाग धरलाच नाही अजून. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा इकडून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊसतोडीला जी माणसं जातात त्यांचा रेमिटन्स उलटा असतो. पैसा आधी येतो, माणूस नंतर जातो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो, दिवाळीनंतर नवरा-बायको मिळून एक कोयता म्हणून टेम्पोत बसतात, आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी परत येताना उचल फिटली तर फिटली. नाही फिटली तर पुढच्या सीझनला तोच मुकादम. अशा घराच्या खात्यात सुरतसारखं दर महिन्याला काही पडत नाही. दोघांनाही आपण मायग्रेशनच म्हणतो, पण एकात माणूस पैसा पाठवतो आणि दुसऱ्यात पैसा माणसाला ओढून नेतो. ही दोन एकाच रकान्यात टाकून सरासरी काढणाऱ्यांना एकदा त्या टेम्पोत बसवलं पाहिजे.

एक चांगलं सांगतो, बायकांचं. ज्यांच्या स्वतःच्या खात्यात पैसा येतो आणि सासऱ्याच्या खात्यात येत नाही, त्या दोन-तीन वर्षांत बदललेल्या दिसतात. आधी पावती माझ्यासमोर धरून "किती उरले" विचारायच्या, आता मला सांगतात की पाचशे खात्यात राहू दे, गटाचा हप्ता कटणार आहे. मात्र सासऱ्याच्या खात्यात येत असला तर सून डोक्यावर पदर घेऊन मागे उभी, आणि तिला साबणाला पैसे मागावे लागतात. पैसा तेवढाच, खातं कुणाचं यावर सगळं.

मेक्सिकोत एक योजना होती, थ्री फॉर वन म्हणतात तिला, झाकातेकास भागात सुरू झाली आणि २००२ पासून देशभर. अमेरिकेतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने गावाच्या कामासाठी एक पेसो दिला की नगरपालिका एक, राज्य एक आणि केंद्र एक टाकणार. रस्ते, पाणी, शाळा अशी कामं झाली त्यातून. आपल्याही सुरतच्या मंडळांकडे पैसा आहे, श्रावणात तिकडे आपली कानबाई देवी बसते तो थाट बघा, गावातलं मंदिर त्यांच्याच वर्गणीतून झालं. मग मी आखाजीला सगळे आलेले असताना पारावर हा विषय काढला, म्हटलं शाळेच्या दोन खोल्या आणि एक दूध डेअरी, अशी वर्गणी काढून ग्रामपंचायतीकडे आणि वर मागू. पोरं ऐकत होती. नाना म्हणाले, "एक आम्ही टाकू रे, पण बाकीचे तीन कोण टाकणार ते लिहून आण. पाण्याच्या टाकीचं मंजूर होऊन किती वर्षं झाली?" यावर मला उत्तर देता आलं नाही, कारण मेक्सिकोतही केंद्राने पुढे हात काढून घेतलाच होता. सुरतवाल्यांनी मंदिराला दिलेला पैसा निदान डोळ्यासमोर कळसाला लागतो, हा त्यांचा हिशोब आहे. शाळेसाठी तसाच विश्वास बसेल असं काम आधी ग्रामपंचायतीने करून दाखवावं, वर्गणीचं मग बघू, असं ठरून त्या दिवशीची बैठक मोडली आणि सगळे पत्ते कुटायला बसले.