वेताळ टेकडीची माती आणि डर्बीची वाट

वेताळ टेकडीवर चालवलेली सायकल ऑस्ट्रेलियात न्यायची, तर आधी तिच्यावरची टेकडी उतरवावी लागते. परकी माती, बिया, वाळकी पानं यातलं काही तिथे आत घेत नाहीत. निघायच्या आदल्या रात्री मी बाल्कनीत बसून टायरच्या नक्षीतली माती टूथब्रशनं कोरत होतो. जुना ब्रश झिजला, मग रोजचाच घेतला. बुटांतली कुसळं चिमट्यानं उपटली. आई म्हणाली, "खोली कधी अशी साफ केलीस का रे?"

मेलबर्नला उतरल्यावर फॉर्मवर खरं तेच लिहिलं. अधिकाऱ्यानं खोकं उघडायला लावलं, चाक फिरवलं, पेडलच्या मागे बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. दहावीच्या निकालानंतर एवढं हायसं वाटलं नव्हतं.

टास्मानिया बेटावरचं डर्बी हे गाव लाँसेस्टन शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. एक मुख्य रस्ता, लाकडी घरं, आणि जवळपास प्रत्येक अंगणात चिखलानं माखलेली सायकल. पूर्वी हे कथिलाच्या खाणीचं गाव होतं. खाणीचं नाव ब्रायसिस, १८७६ चा मेलबर्न कप जिंकणाऱ्या घोडीवरून ठेवलेलं. खाण मिटली आणि गाव रिकामं होत गेलं. २०१५ मध्ये जंगलात सायकलच्या वाटा खुल्या झाल्या, आणि दोनच वर्षांत एन्ड्युरोची, म्हणजे डोंगरउतारावरच्या सायकल शर्यतींची, जागतिक मालिका इथे येऊन गेली. जुन्या खाणीच्या खड्ड्यात आता तळं आहे.

सायकलींसकट डोंगरावर सोडणारी गाडी, म्हणजे शटल, चालवणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. ट्रेलरला सायकली अडकवता अडकवता त्यांनी माझे ब्रेक दाबून पाहिले आणि विचारलं, "निळी की काळी?" निळी म्हणजे मध्यम, काळी म्हणजे अवघड. पुण्यात मी स्वतःला काळ्यातला समजतो. तरी तोंडातून 'निळी'च निघालं, आणि ते बरंच झालं.

क्रुष्काज् नावाच्या वाटेवर तिसऱ्याच हेअरपिनला मी आडवा झालो. उंच नेच्यांखाली ओल होती आणि मी पुढचा ब्रेक कचकन दाबला होता. कोपर सोललं. तिथेच फावडं घेऊन एक गृहस्थ वाट दुरुस्त करत होते. त्यांनी आधी सायकल उचलली, मग मला हात दिला. वाटेची काळजी जास्त असावी, कारण लगेच माझ्या घसरण्याचा चर त्यांनी बुटानं दाबून बुजवला.

मग कोपर धुताना त्यांनी वाट कशी बांधतात ते दाखवलं. वाट दरीच्या बाजूला किंचित कललेली ठेवायची. थोड्या थोड्या अंतरावर उतार मोडून छोटासा चढ द्यायचा, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता बाजूला पडतं. वाटेत डबकं लागलं तर वळसा घालायचा नाही, मधूनच जायचं. वळसा घालत गेलं की वाट रुंदावते. मला आमच्या टेकडीवरच्या चार-चार पदरी पायवाटा आठवल्या. त्यातला एखादा पदर माझाही असणार.

"पाण्याचं इथे कोणी हसण्यावारी नेत नाही," ते म्हणाले. ४ एप्रिल १९२९ ला मुसळधार पावसात खाणीचं धरण फुटलं आणि १४ माणसं गेली. इथल्या एका वाटेचं नाव डॅमबस्टर्स, म्हणजे धरणफोडे, आहे. सकाळी नकाशावर ते वाचून मी हसलो होतो.

तीन दिवस राहिलो. शेवटच्या दिवशी एक काळी वाट धरली: डेटोनेट. ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून हँडल जेमतेम जाईल अशी फट दिसली, तेव्हा उतरून सायकल हातात धरली. मागून दहा-बारा वर्षांची एक मुलगी आली, "सॉरी!" म्हणाली आणि सुळ्ळकन निघून गेली.

पुढे टास्मानियातल्याच दुसऱ्या जंगलात जायचं होतं. झाडांच्या मुळांचा रोग मातीतून पसरतो, म्हणून इथून निघतानाही सायकल धुवायची. दुकानात गेलो आणि ब्रश मागितला.

काउंटरमागच्या बाईंनी माझ्याकडे, मग दाराबाहेरच्या सायकलकडे पाहिलं. "कोणासाठी?"

मी दोन घेतले.