वीतभर

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

चिऊने दुपारी ग्रुपवर टाकलेली क्लिप आत्तापर्यंत अकरा वेळा बघून झाली. सहा सेकंदांची आहे. पहिल्या वेळी मी हसलो. तेच टोचतंय.

‘अशी ही बनवाबनवी’तला प्रसंग. धनंजय माने झालेले अशोकमामा, म्हणजे अशोक सराफ, साडीतला लक्ष्या, समोर घरमालकीण लीलाबाई, आणि बायकोची ओळख करून देताना ‘ही’च्या जागी पडलेला तो ‘हा’. ‘हा माझा बायको’, अख्ख्या महाराष्ट्राला पाठ असलेलं वाक्य. क्लिपमध्ये शब्द सगळे जागच्या जागी आहेत, आवाज स्वच्छ, खाली पिवळी अक्षरं नाचतायत. तरी काहीतरी गेलंय. तिला विचारलं तर म्हणाली, “मामा, मधेमधे स्लो होत होतं. ॲपमध्ये सायलेन्स काढायचं बटण असतं, ते दाबलं.”

स्लो.

ताईने त्यावर हसणारं तोंड टाकलं. ताईचं एक असो.

ते बटण काय करतं हे मला ठाऊक आहे, म्हणून जास्त लागलं असावं. आवाजाची एक पातळी ठरवलेली असते. त्या पातळीखाली आवाज ठरावीक वेळापेक्षा जास्त टिकला, की तेवढा तुकडा उडवायचा आणि दोन्हीकडची टोकं जोडायची. भाषण देणाऱ्या माणसासाठी उत्तम सोय, त्याचे ‘अं’ आणि श्वास जातात. विनोदाच्या बाबतीत घोटाळा असा की यंत्राला जी शांतता दिसते तिच्यात चित्र चालू असतं. कोणीतरी कोणाकडे बघत असतं. ऐकणाऱ्याच्या कानातून ‘हा’ आत जाऊन डोक्यात ‘ही’वर आपटायला वेळ लागतो, तो वेळ तिथे असतो. ॲप कानाने कापतं, डोळे त्याला नाहीत.

असा पॉज साधारण अर्ध्या सेकंदाचा. अर्धा सेकंद म्हणजे किती, याचा हिशेब फिल्मच्या रिळावर सोपा होता. पडद्यावर सेकंदाला 24 फ्रेम. 35 मिलिमीटरच्या फिल्मवर फुटाला 16 फ्रेम बसतात. म्हणजे सेकंदाला दीड फूट, मिनिटाला 90 फूट. अर्धा सेकंद म्हणजे 12 फ्रेम, नऊ इंच. बरोबर एक वीत. संकलकाला तो पॉज उडवायचा तर आधी वीतभर फिल्म बोटांत धरावी लागायची, उजेडासमोर करून बघावी लागायची, मग दोन ठिकाणी छाटून टेप लावायची. हातात आल्यावर माणूस विचार करतो. चिऊच्या हातात काही आलंच नाही. तिने काही कापलंय हेही तिला नीट माहीत नाही.

तिच्यावर राग नाही माझा. आधी होता थोडा, चहाच्या वेळेपर्यंत.

वाक्यच घेऊ. ‘हा’ आणि ‘माझा’, दोन पुल्लिंगी शब्द, आणि मग ‘बायको’. चूक फक्त पहिल्या शब्दाची आहे. जीभ एकदा ‘हा’वर घसरली की व्याकरण तिला ‘माझा’पर्यंत फरफटत नेतं, कारण मराठी बोलणाऱ्या तोंडाला ‘हा माझी’ म्हणताच येत नाही. खरी घसरलेली जीभ अशीच घसरते, नियम पाळून. नक्कल करणारे इथे फसतात. ते ‘हा’वर जोर देतात, म्हणजे प्रेक्षकाला आधीच डोळा मारून ठेवतात. ‘हा’ बिनजोराचा पडायला हवा, बोलणाऱ्याच्या लक्षातही न येणारा. त्या माणसाला विनोद करायचाच नसतो. त्याला पुण्यात डोक्यावर छप्पर हवं असतं आणि त्यासाठी मित्राला लुगडं नेसवावं लागलेलं असतं. धनंजय मानेला हसू येत नाही म्हणून आपल्याला येतं.

आणि हे मराठीतच जमतं. मूळ कल्पना 1966 च्या हिंदी ‘बीवी और मकान’ची, पण हिंदीतल्या ‘ये’ला लिंगच नाही. तिथे पुरुष उघडा पडणार तो दुसऱ्या शब्दाला. मराठीत पहिल्याच अक्षराला पडतो आणि उरलेलं वाक्य त्याला तसंच निभावून न्यावं लागतं. चित्रपटाचं लेखन वसंत सबनीसांचं. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिलेल्या माणसाला सोंगाड्याच्या तोंडात शब्द कसा ठेवायचा हे काय शिकवायचं.

बाईच्या वेशातल्या पुरुषाचंही गंमतीदारच आहे. फाळक्यांचं ‘लंका दहन’ इथलं, नाशिकचं, 1917 चं. त्यात अण्णा साळुंके राम पण आणि सीता पण. तेव्हा बायका सिनेमात यायला सहसा तयार नसत, म्हणून पुरुष सीता झाला आणि लोकांनी भक्तिभावाने बघितला. 71 वर्षांनी तोच पुरुष साडीत आला तर खुर्चीतून पडेपर्यंत हसायचं. साडी तीच. हे चिऊला सांगितलं असतं तर तिने त्याचीही सहा सेकंदं केली असती.

पुन्हा तिकडेच येतो. मी हसलो कशाला?

कापलेल्या क्लिपला हसलो म्हणजे पॉजची गरज नव्हती, असं निघतं. मग गेले दोन तास ही वही कशाला भरतोय?

नाटकवाल्यांची या बाबतीतली शिस्त मला फार आवडते. हशाला आकार असतो. तो चढतो, टोकाला जातो, मग उतरायला लागतो. पुढचं वाक्य टोकावर घ्यायचं नाही आणि तळाशी तर नाहीच. साधारण दोन तृतीयांश उतरला की घ्यायचं. लवकर घेतलं तर वाक्य हशाखाली चिरडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढचं ऐकू यावं म्हणून लोक स्वतःला हसू देत नाहीत. दोनदा असं झालं की तो प्रेक्षक त्या रात्रीपुरता गेला. उशिरा घेतलं तर रंगमंच गार पडतो आणि नट वाट बघतोय हे दिसतं. सहनटाच्या हशावर बोलणं याला ‘हशा खाणं’ म्हणतात आणि ते पाप आहे. आपल्या कालिदास नाट्यगृहात बसून हे कानांनी मोजता येतं. बाल्कनीतलं हसू किंचित मागाहून येतं, जाणता नट तेवढंही धरून चालतो.

सिनेमात मात्र नटासमोर हसणारं कोणी नसतं. सेटवर लाइटमन हसला तर टेक जातो. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो, कच्ची फिल्म महाग, त्यामुळे दहा-दहा रीटेकची चैन मराठीत कोणाला परवडणार? म्हणजे जो हशा काही महिन्यांनी विजयानंद किंवा सर्कलसारख्या टॉकीजमध्ये होणार, त्याचा अंदाज आज कोऱ्या शांततेत बांधायचा आणि तेवढी जागा सोडायची. जागा कमी सोडली तर भरलेल्या थेटरात पुढची दोन वाक्यं बुडतात. जास्त सोडली तर दुपारच्या खेळाला, पंचवीस माणसांत, ती जागा भकास दिसते.

त्यावर डबिंग. त्या काळी बहुतेक मराठी चित्रपट मागाहून डब व्हायचे. फिल्मचा तुकडा गोल जोडून पुन्हा पुन्हा फिरवायचा, आणि नटाने काळोखात माईकसमोर उभं राहून स्वतःच्याच ओठांत शब्द भरायचे. इथे विनोदी नटांचा घात होतो, कारण नजर ओठांवर असते, समोरच्या माणसावर नाही. ओठ जुळतात, लय जाते. तोच पॉज दोनदा खरा करावा लागतो, एकदा अंगाने आणि महिन्यांनंतर नुसत्या घशाने.

हे सगळं तो माणूस शिकला कुठे, याचं उत्तर अर्धं आपल्या गावात आहे. अशोक सराफ व्यावसायिक रंगभूमीवर आले ते ‘ययाति आणि देवयानी’तला विदूषक म्हणून. नाटक शिरवाडकरांचं, आपल्या तात्यासाहेबांचं. विदूषकाची मोठी पंचाईत असते. राजाला पल्लेदार वाक्यं आणि राणीला अश्रू वाटून झाल्यावर लेखकाकडे उरलेल्या फटींत विदूषकाने उभं राहायचं. मिळेल त्या फटीत वेळ साधायची. पुढे वीस वर्षांनी जे ‘टायमिंग’ म्हणून नावाजलं गेलं ते मला त्या फटींतलं वाटतं. घरात गोपीनाथ सावकारांसारखा नाटकवाला मामा होता, हेही खरं. मामांचे उपयोग असतात.

बाकी आलेख सगळ्यांना माहीत आहे. 1947 चा जन्म, मुंबईची चिखलवाडी, दहाएक वर्षं स्टेट बँकेची नोकरी आणि संध्याकाळी नाटक. 1969 ला ‘जानकी’, 1971 ला ‘दोन्ही घरचा पाहुणा’. 1975 च्या ‘पांडू हवालदार’मध्ये दादा कोंडक्यांसमोर सखाराम हवालदार. दादांसमोर उभं राहायचं म्हणजे धबधब्याखाली छत्री उघडायची. मग 1977 चा ‘राम राम गंगाराम’, त्यातला म्हमद्या, आणि तिथून माणूस थांबलाच नाही. ‘हमीदाबाईची कोठी’सारखं गंभीर नाटक विसरणारे विसरतात. विनोदी नट म्हटलं की बाकीचं खातं बंद.

मला बँकेचं मोल जास्त वाटतं. हा नट विनोद करताना कधी गमतीशीर दिसत नाही. रोकड जुळत नसलेल्या कॅशियरसारखा दिसतो. सहा वाजत आलेत, दोन रुपये कुठे गेले, असा.

‘एक डाव भुताचा’ आठवला, 1982 चा. त्यातलं भूत एकट्या प्रभावळकरांना दिसतं. सोपं वाटतं, पण फ्रेममधल्या बाकी प्रत्येकाने अशोक सराफांच्या आरपार बघायचं. कोपऱ्यातल्या एका माणसाचं बुबुळ त्यांच्याकडे हललं की भूत मेलं. आणि स्वतः भुताने कोणाला अडायचं नाही, कोणाला वाट करून द्यायची नाही, तरी सगळ्यांच्या मधे असायचं.

परवा गाडगे महाराज पुलावरून पाणी बघत होते लोक. पाऊस किती झाला, धरणातून किती सोडलं, हे आकडे मोबाइलवर येतात, तरी नाशिककर विचारणार एकच : गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला कुठपर्यंत लागलं? गुडघा, कंबर, छाती. मारुती हलत नाही म्हणून पूर मोजता येतो. लक्ष्या म्हणजे पूर. हात, डोळे, कुठेही वळणारा आवाज, सगळं काठ सोडून. त्याच्या शेजारी हा दगडासारखा उभा राहिला म्हणून लक्ष्या किती चढला ते आपल्याला कळलं. ‘धूमधडाका’ 1985, ‘बनवाबनवी’ 1988. मारुतीला काढून नुसता पूर दाखवला तर ते फक्त गढूळ पाणी.

हे चिऊला लिहून पाठवावंसं वाटलं. नाही पाठवलं. रात्री अकराला मामाचा एवढा मोठा मेसेज आला तर पोरगी घाबरेल, छातीत दुखतंय की काय म्हणून.

खरं सांगायचं तर दुपारभर मला असं वाटत होतं की माझ्याच घरातली एखादी खोली कोणीतरी न विचारता भाड्याने दिली. ज्या पॉजवर आम्ही वाढलो तो म्हणे स्लो. उद्या आम्हीही स्लो. तसे झालोच आहोत, जिना चढताना कळतं. ते जाऊ दे.

पण अकराव्या वेळी बघताना एक गोष्ट ध्यानात आली आणि जरा ओशाळलो. मी हसलो ते क्लिपला नव्हतंच. ‘हा’ ऐकला आणि उरलेली वीत मी माझ्या खिशातून घातली. पॉज माझ्याकडे पाठ होता. ॲपने काढला, मी जागेवर लावून घेतला, इतक्या झटकन की मला पत्ताही लागला नाही. आणि चिऊ? ती मूळ चित्रपट न बघता हसली. तिच्याकडे लावायला काही नव्हतं. ती कशाला हसली हे मी तिला विचारलंच नाही, उगाच धरून बसलो की ती चुकीच्या गोष्टीला हसली. कदाचित त्या दगडी चेहऱ्याला हसली असेल. तो सहा सेकंदांतही दगडीच आहे. तो कापायचं बटण अजून निघालेलं नाही.

आणि अशोकमामा तिच्यापेक्षा वस्ताद. ‘धूमधडाका’तला पाईपवाला नकली श्रीमंत आठवा. दर दोन वाक्यांमधे धूर घशात अडकल्यासारखा तो ठसका. इतकी वर्षं आपण त्याला वेडेपणा म्हणून हसतोय, पण तो पॉजच आहे, फक्त आवाज भरलेला. पुढची थाप सुचेपर्यंतचा वेळ. ती क्लिप टाक म्हणावं त्या ॲपमध्ये. सायलेन्स सापडणार नाही, एक फ्रेम कापली जाणार नाही. 1985 सालीच बंदोबस्त करून ठेवलाय.

याला मात्र मी एकटाच मोठ्याने हसलो. आतून विचारलं गेलं, काय झालं. म्हटलं, काही नाही, फिल्म.

2024 ला महाराष्ट्र भूषण मिळाला, 2025 ला पद्मश्री जाहीर झाला. दोन्ही वेळा ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे फोटो होते. अर्ध्या सेकंदाबद्दल कोणी काही लिहिलं नाही, मीही नाही.

शेवटी न राहवून चिऊला दोन ओळी पाठवल्या. वाक्याच्या पुढे-मागे बारा-बारा फ्रेम परत लाव आणि बघ. आवडलं नाही तर काढ.

उत्तर लगेच आलं. एरवी ‘हो मामा’ लिहिते. आज एकच अक्षर :

‘हा’.

वर ‘टायपिंग’ दिसत होतं. मग तेही गेलं. मी फोन हातात धरून पुढच्या शब्दासाठी थांबलोय.