महापे ते स्वालबार्ड, शून्य अंशावरून

महापेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत तापमापक तपासून देण्याच्या कामात माझी सव्वीस वर्षे गेली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी पकडायची, घणसोलीला उतरून शेअर रिक्षाने महापे गाठायचे आणि पोचल्यावर पहिले काम म्हणून बर्फ फोडायला घ्यायचा, हा क्रम सुट्टीच्या दिवशीही हाताला आठवतो. शून्य अंश सेल्सिअस तयार करणे हे आमच्या धंद्यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवे काम आहे. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक करून थर्मासमध्ये दाबून भरायचा आणि फटी भरतील एवढेच गार शुद्ध पाणी त्यात घालायचे, यालाच आम्ही आइस बाथ म्हणतो. पाणी जास्त झाले की बर्फ वर तरंगतो आणि तळाशी चार अंशांकडे झुकलेले पाणी साचते, कारण पाणी सर्वांत जड असते ते चार अंशांना. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच तरंगत्या बर्फाच्या थर्मासमध्ये मी एका दुग्धालयाचे बारा प्रोब बुडवले, प्रमाणपत्रे सहीशिक्क्यानिशी रवाना केली आणि पंधरवड्यात ती सगळी परत आली. तेव्हापासून कोणी ‘शून्य अंश’ म्हणाले की माझा पहिला प्रश्न असतो, कुठे मोजले आणि कशात मोजले?

गेल्या ऑगस्टमध्ये उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर जाण्याचा योग आला तो मुलीमुळे. ती भूगर्भशास्त्र शिकते आणि तिथल्या लाँगइयरब्येन गावातल्या विद्यापीठ केंद्रात उन्हाळी अभ्यासक्रमासाठी गेली होती. अभ्यासाचा विषय पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेल्या जमिनीचे तापमान. फोनवर ती थर्मिस्टर (तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा सेन्सर), ऑफसेट (मापकाची ठरावीक चूक), लॉगर (नोंदी ठेवणारी पेटी) असे शब्द सहज वापरू लागली, तेव्हा आयुष्यात प्रथमच बापाच्या धंद्याला घरात किंमत आल्यासारखे वाटले आणि मी तिकिटे काढली.

प्रवासाबद्दल एवढेच सांगतो की शेंगेन व्हिसा दुहेरी प्रवेशाचा घ्यावा. स्वालबार्ड नॉर्वेचे असले तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. ट्रॉम्सोच्या विमानतळावर बाहेर पडल्याचा शिक्का बसतो आणि परतताना पुन्हा आत यावे लागते. बाकी मुंबई, ऑस्लो, ट्रॉम्सो, लाँगइयरब्येन हा प्रवास नौपाड्यातल्या शेजाऱ्यांनी दिलेल्या चकल्या आणि मेतकूट यांच्या आधाराने पार पडला.

लाँगइयरब्येन ७८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑगस्टच्या मध्यात तिथे सूर्य मावळत नाही, त्यामुळे रात्री अकरा वाजता पत्नी खिडकीला चादर अडकवत होती. अतिथिगृहाच्या दारात बूट काढून ठेवावे लागतात. खाणकामगारांच्या बुटांतून कोळशाची भुकटी घरात येऊ नये म्हणून पडलेली ही प्रथा खाणी गेल्या तरी टिकली आहे. शेवटची नॉर्वेजियन कोळसा खाण आम्ही पोचण्याच्या काही आठवडे आधीच बंद झाली होती. मला मात्र बुटांपेक्षा घरांच्या पायांनी जास्त खिळवून ठेवले. अनेक घरे जमिनीपासून उचलून खांबांवर उभी केलेली आहेत, म्हणजे घराची ऊब खाली झिरपून जमीन वितळवणार नाही आणि हिवाळ्याचा वारा खालून खेळत राहील. ऐरोली-घणसोलीच्या बाजूला खाडीच्या चिखलातून पायलिंग होताना आपण पाहतो. तिथे पाइल चिखल ओलांडून खडकापर्यंत नेतात, कारण चिखलावर भरवसा नसतो. लाँगइयरब्येनच्या जुन्या घरांचे लाकडी खांब मात्र गोठलेल्या मातीतच रोवलेले आहेत. मातीचे बळ तिच्या तापमानात आहे, तापमान चढले की तीच माती चिखल होते. आता नवे खांब तिथेही खडकापर्यंत नेऊ लागले आहेत, हे मुलीने सांगितले तेव्हा मला नवी मुंबई आठवल्याशिवाय राहिली नाही.

ठाण्यातल्या मंडळींचा एक गैरसमज इथेच दूर करतो. पर्माफ्रॉस्ट म्हणजे हिमनदी नव्हे, आणि बर्फसुद्धा नव्हे. सलग दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जी जमीन शून्य अंशाला किंवा त्याखाली राहिली, ती पर्माफ्रॉस्ट. मग ती माती असो, वाळू असो की कोरडा कातळ. व्याख्येत पाणी नाही, फक्त तापमान आहे, आणि म्हणून या जमिनीची तब्येत तापमापकाशिवाय कळत नाही. तिच्यावर एक थर असतो जो दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याखाली हजारो वर्षांच्या वनस्पतींचे अवशेष न कुजता पडून आहेत. उत्तरेकडच्या या गोठलेल्या जमिनीत सुमारे दीड हजार अब्ज टन कार्बन आहे, म्हणजे आज वातावरणात आहे त्याच्या जवळजवळ दुप्पट. जमीन वितळली की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड व मिथेन होऊन हवेत जातो.

शनिवारी मुलीच्या गटाबरोबर आम्ही अ‍ॅडव्हेंटडालेन या रुंद, सपाट दरीत गेलो. एक विद्यार्थी खांद्याला रायफल लावून पाठमोरा उभा होता, कारण वस्तीबाहेर ध्रुवीय अस्वलाचा विचार करूनच पाऊल टाकावे लागते. काम साधे होते. १०० मीटर लांब आणि तेवढ्याच रुंद चौकोनात दर १० मीटरांवर एक बिंदू, असे १२१ बिंदू आखलेले आहेत. प्रत्येक बिंदूपाशी मूठ असलेली पोलादी सळई हाताने जमिनीत दाबायची, ती अडली की खोली मोजायची. वितळत्या थराची जाडी मोजण्याची ही पद्धत १९९१ पासून ध्रुवप्रदेशात अनेक ठिकाणी एकसारखी वापरली जाते. मुलीने सळई माझ्या हाती दिली. शेवाळ आणि चिकट गाळ यांतून ती लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि मग अचानक थांबली.

“बाबा, आवाज ऐका. दगड लागला तर टण्ण होतं. हा बद्द आवाज म्हणजे गोठलेली जमीन.”

“किती लिहू?”

“एक्याण्णव.”

मी वहीत ९१ सेंटिमीटर लिहिले. पत्नीने थर्मासमधला चहा ओतला. याच जातीच्या थर्मासमध्ये मी सव्वीस वर्षे शून्य अंश सांभाळला, आणि इथे हाताभर खाली तो कोणी न बनवता पडलेला होता.

चौकोनापासून थोड्या अंतरावर झाकण लावलेली एक नळी जमिनीतून वर आली होती. बाहेरून पाहणाऱ्याला ती कोरडी पडलेली बोअरवेलच वाटावी. आत एक केबल सोडलेली, तिच्यावर सहा ठरावीक खोलींवर थर्मिस्टर बसवलेले आणि वर डेटा लॉगरची पेटी, जी वर्षभर, काळोख्या हिवाळ्यातही, नोंदी घेत राहते. आमच्याकडे कारखान्यांत पीटी-१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर जास्त चालतो, म्हणून मी विचारले की इथे थर्मिस्टर का? उत्तर मी स्वतःच देऊ शकलो असतो. पीटी-१००चा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि एका अंशाला तो ०.४ ओहमही बदलत नाही, त्यामुळे दोनच तारा वापरल्या तर लांब केबलचा स्वतःचा रोध सगळे गणित बिघडवतो. थर्मिस्टर हजारो ओहमचा असतो आणि शून्याजवळ दर अंशाला साधारण ५ टक्क्यांनी बदलतो. शंभर मीटर केबल त्याच्यापुढे किस झाड की पत्ती.

शंभर मीटर हा आकडा उगाच घेतला नाही. त्याच दरीच्या वरच्या अंगाला यान्सनहाउगेन नावाची टेकडी आहे. तिथे १९९८ मध्ये युरोपीय प्रकल्पात १०२ मीटर खोल छिद्र पाडले गेले आणि त्यातले तापमान तेव्हापासून नोंदले जात आहे. एवढे खोल का जायचे, याचे उत्तर फार सुंदर आहे. जमिनीत उष्णता अतिशय सावकाश उतरते. काही मीटर खाली उन्हाळ्याची ऊब पोचते तेव्हा वर हिमवर्षाव चालू असतो, आणि साधारण १५-२० मीटरांखाली ऋतूंचा मागमूसही राहत नाही. तिथे तापमान हलले तर ते एखाद्या गरम उन्हाळ्यामुळे नव्हे, तर अनेक वर्षांच्या साचलेल्या फरकामुळे हलते. यान्सनहाउगेनला पहिल्या आठ-नऊ वर्षांतच किमान ६० मीटर खोलीपर्यंत तापमानवाढ दिसून आली. १९८६ मध्ये लाखेनब्रुख आणि मार्शल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अलास्कातल्या तेलविहिरींत तापमापक सोडून असाच निष्कर्ष काढला होता, की गेल्या काही दशकांत ते शतकभरात तिथली जमीन पृष्ठभागाशी २ ते ४ अंशांनी तापली आहे. त्याही आधी, १८२८ मध्ये, सायबेरियातल्या याकुत्स्क गावी शेर्गिन नावाच्या माणसाने पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. काही वर्षांत ती सुमारे ११६ मीटर खोल गेली, पाणी लागले नाही, जमीन संपूर्ण गोठलेलीच निघाली. पुढे १८४०च्या दशकात मिडेनडॉर्फ या निसर्गशास्त्रज्ञाने तिच्या भिंतींत तापमापक बसवून नोंदी घेतल्या. कोरड्या विहिरीचा इतका उपयोग आपल्याकडे कोणी केल्याचे मला ठाऊक नाही.

आज जगभरातल्या अशा छिद्रांच्या नोंदी एका आंतरराष्ट्रीय जाळ्यात एकत्र येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००७ ते २०१६ या काळात पर्माफ्रॉस्टचे तापमान जगभरात सरासरी ०.२९ अंशांनी वाढले. अखंड गोठलेल्या थंड प्रदेशात ही वाढ ०.३९ होती, तर तुकड्यातुकड्यांनी गोठलेल्या, शून्याच्या जवळ आलेल्या प्रदेशात केवळ ०.२०. वाचणारा म्हणेल, चला, शून्याजवळची जमीन तरी सावकाश तापते आहे. माझ्या धंद्यातला माणूस तसे म्हणणार नाही. बर्फ वितळायला ग्रॅममागे ८० कॅलरी लागतात आणि त्या घेताना त्याचे तापमान जागचे हलत नाही. माझा थर्मास दिवसभर शून्यावर राहतो तो याच कारणाने, आत बर्फ संपत चाललेला असतो आणि मास्टर तापमापक मात्र ०.०० दाखवत बसतो. जमीन वितळण्याच्या उंबरठ्यावर येते, नेमकी तेव्हाच तिच्यातला तापमापक गप्प होतो. म्हणून छिद्रातल्या थर्मिस्टरच्या जोडीला ती हातातली सळई लागते.

संध्याकाळी, म्हणजे घड्याळातल्या संध्याकाळी, मुलीने लॅपटॉपवर आदल्या वर्षाचा आलेख काढला. शरद ऋतूत वितळता थर पुन्हा गोठू लागतो, तेव्हा हीच गोष्ट उलट्या दिशेने घडते: गोठणारे पाणी उष्णता सोडत राहते आणि तापमान कितीतरी आठवडे शून्यावर अडून बसते. या सपाट रेषेला हे लोक शून्याचा पडदा म्हणतात. सहाही खोलींच्या रेषा खाली येत येत त्या पडद्याला टेकत होत्या, पण एक रेषा बाकीच्यांहून केसभर वर होती.

“हा कितीवर आहे?”

“०.०६ वर. पण बाबा, सेन्सर नवीन आहे.”

“नवीन असू दे. निसर्गाने आइस बाथ दिलाय, त्यात तो ०.०६ दाखवतोय. ऑफसेट लिहून ठेव.”

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरात कोरलेल्या बियाणांच्या जागतिक कोठाराचे दार बाहेरून पाहिले. आत कोणाला सोडत नाहीत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने पाठवलेले ज्वारी-तुरीचे वाण तिथे आहेत, हे कळल्यावर पत्नीने दाराकडे पाहून नमस्कार केला. भोवतालचा कातळ मुळातच उणे तीन-चार अंशांचा आहे म्हणून ही जागा निवडली गेली आणि २००८ मध्ये कोठार सुरू झाले. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये प्रवेशाच्या बोगद्यात पाणी शिरले. बियाणे सुरक्षित राहिले, पण बोगदा नव्याने बांधावा लागला.

परत आल्यावर तलावपाळीच्या सकाळच्या फेरीत सगळ्यांनी विचारले ते अस्वलाबद्दल, जे आम्हाला दिसले नाही. सोमवारी महापेला गेलो तर नवीन मुलाने आइस बाथ लावून ठेवला होता, बर्फ चार बोटे पाण्यावर तरंगत होता. मी पाणी काढून टाकले, बर्फ पुन्हा दाबून भरला आणि अर्धा तास थांबायला सांगितले. दुपारी मुलीचा निरोप आला: सहा नंबरच्या थर्मिस्टरला उणे ०.०६ अशी दुरुस्ती वहीत नोंदवली आहे, खाली तारीख आणि सही केली आहे.