हाँगकाँगला जाताय? आधी फेरीत बसा!

हाँगकाँग म्हटलं की जो तो डिस्नेलँड डिस्नेलँड करतो. मुलांमुळे आम्हीही एक दिवस तिकडे घातला, छान आहे, पण आम्हाला खरी मजा आली ती हार्बरवर आणि तीसुद्धा अगदी पाच-सहा हाँगकाँग डॉलरच्या तिकिटात.

आमचं हॉटेल होतं त्सिम शा त्सुईला, म्हणजे कौलून बाजूला. तिथे धक्क्याजवळ जुन्या रेल्वे स्टेशनचा १९१५ चा घड्याळाचा टॉवर तेवढा उभा आहे, बाकी स्टेशन केव्हाच पाडलं. तिथूनच स्टार फेरी सुटते समोरच्या हाँगकाँग बेटावरच्या सेंट्रल भागाला. हिरवी-पांढरी दुमजली बोट, आत लाकडी बाकं आणि बाकांच्या पाठीला चांदणीच्या आकारात पाडलेली भोकं. बोट वळतच नाही हो, दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे परतताना लोक बाकाची पाठ खटकन पलीकडे ढकलतात की झालं, तोंड पुढे! पोरांनी रिकाम्या बाकांवर हाच उद्योग चालवला होता, शेवटी निळ्या खलाशी ड्रेसमधल्या एका काकांनी डोळे वटारले. हेच काका धक्का आला की लांब आकडीने दोर असा काही अलगद ओढून घेतात की बघत राहावं.

आणि ही फेरी सुरू कोणी केली माहितीये का, दोराबजी नवरोजी मिठाईवाला नावाच्या पारशी माणसाने! मुंबईहून जहाजात लपून आला, आधी स्वयंपाकी होता असं सांगतात, मग १८८८ मध्ये फेरी कंपनी काढली. सासूबाई लगेच, "म्हणजे आपलाच की!" आणि नंतर प्रत्येक फेरीत शेजारच्याला हे सांगायचं काम त्यांनी स्वतःकडेच घेतलं, त्याला हिंदी-मराठी येवो न येवो.

प्रवास मात्र जेमतेम दहा मिनिटांचा. भराव टाकून टाकून हार्बर अरुंद झालंय, सेंट्रलचा जुना धक्काही त्यातच २००६ मध्ये गेला, आता नवा आहे. रात्री आठला दोन्ही काठांवरच्या बिल्डिंगवर लाइट शो असतो, त्याचा जरा जास्तच गवगवा केलाय असं माझं मत, एरवीचे दिवेच जास्त सुंदर दिसतात. व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर जायला ट्रामची रांग बघून आम्ही १५ नंबरची डबलडेकर बस पकडली, वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळाली, वर गेलो तर धुकं. असो.

व्हेज जेवणाची काळजी नको, नेथन रोडवरच्या चुंगकिंग मॅन्शन्स या इमारतीत भारतीय मेस आहेत, फक्त दारातल्या एजंट लोकांना न थांबता पुढे जायचं. ऑक्टोपस कार्ड (पैसे भरून वापरायचं कार्ड) घ्याच, फेरी-मेट्रो-बस सगळीकडे चालतं. आणि भारतीय पासपोर्टवाल्यांनी निघायच्या आधी ऑनलाइन रजिस्ट्रेशन करून त्याची प्रिंट जवळ ठेवा.

वेळ असेल तर बसने बेटाच्या दक्षिणेकडच्या अ‍ॅबरडीनलाही जा. तिथलं जंबो नावाचं प्रसिद्ध तरंगतं रेस्टॉरंट आता नाही, २०२२ मध्ये ओढून नेताना समुद्रात उलटलं. पण मच्छीमार बोटींची दाटी आहे, वाळत घातलेले कपडे, डेकवर झोपलेली कुत्री, आणि त्यातून फिरवणाऱ्या सॅम्पान म्हणजे छोट्या होड्या. होडीवाल्या आजीने कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून दाखवला, सासूबाईंनी तो पुसून त्याच्या निम्मा टाइप केला, आजी हसली, परत पुसला, आणि एकमेकींचा एक शब्द न कळता दोघींची घासाघीस इतकी रंगली की आम्ही तोवर लाइफजॅकेट घालून होडीत बसलोसुद्धा.